बाकड्याची पाठ कुणाकडे?

अंतोन चेखवने 1886 साली थोरल्या भावाला एक पत्र लिहिले. भाऊ अलेक्सांद्र हाही कथा लिहीत असे आणि निसर्गवर्णन कसे करावे याबद्दल धाकटा थोरल्याला चार गोष्टी सुनावत होता. चांदणी रात्र उभी करायची तर रुपेरी प्रकाश वगैरे लिहीत बसू नकोस. पाणचक्कीच्या बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकते आहे आणि कुत्र्याची नाहीतर लांडग्याची काळी सावली सरकत गेली एवढे लिही, रात्र आपोआप उभी राहील, असा त्या सल्ल्याचा आशय होता. दहा वर्षांनी हीच बाटली 'द सीगल' या नाटकात परत आली. नाटकातला तरुण लेखक त्रेप्लेव चौथ्या अंकात स्वतःवरच चिडून म्हणतो की त्रिगोरिनसारख्या मुरलेल्या कथाकाराचे बरे असते. बंधाऱ्यावर बाटलीची मान चमकली, चाकाची सावली पडली, की झाली चांदणी रात्र. आपण मात्र थरथरता प्रकाश आणि लांबून ऐकू येणारा पियानो यांतच अडकून पडलो.

"ही बाटली आमची," कथालेखिका म्हणाली. "कथेला जागा किती लागते ते चेखवनं त्या एका काचेत सांगितलं. अख्खा बंधारा लागत नाही."

"तुमचीच. पण त्रेप्लेव हे बोलतो तेव्हा रंगमंचावर काय असतं तेही बघ ना," नेपथ्यकार म्हणाले. "संध्याकाळ. खोलीत शेड लावलेला एकच दिवा, बाकी अर्धवट अंधार. बाहेर झाडं सळसळतायत, धुराड्यात वारा घोंघावतोय. चांदण्याचा पत्ता नाही. बाटली नुसती बोलण्यात येते. ती काच त्यानं रंगमंचावर ठेवायला लावली असती तर बाराव्या रांगेला दिसलीही नसती."

निमित्त होते तिच्याच कथेचे. एका प्रायोगिक संस्थेने त्या कथेवरून दीर्घांक करायचे ठरवले होते, आणि दिग्दर्शक येईपर्यंत तालमीच्या खोलीत दोघेच बसले होते. ती दिवाळी अंकांतून नेमाने लिहिणारी. ते व्यावसायिक आणि प्रायोगिक दोन्ही रंगभूमींवर नेपथ्य करत साठी ओलांडलेले, सगळ्यांचे काका. नाटकातली जागा आणि कथेतली जागा यांत फरक काय, असा प्रश्न कुणी मुद्दाम काढला नव्हता. कामाच्या ओघात तो निघाला, आणि पुढे बराच वेळ चालला.

काकांचा आवडता भाग 'द सीगल'चा पहिला अंक. तलावाकाठची बाग आहे. त्रेप्लेवने घरच्या प्रयोगासाठी तिथे घाईघाईने एक मंच बांधलाय. पडदा, पहिली विंग, दुसरी विंग आणि पलीकडे मोकळी जागा. नेपथ्य म्हणून काही नाहीच. पडदा वर गेला की थेट तलाव आणि क्षितिज दिसणार. चंद्र उगवेल तेव्हा, म्हणजे बरोबर साडेआठला, प्रयोग सुरू होणार. "नव्या नाटकाचं स्वप्न बघणारा हा मुलगा नेपथ्य टाकून देतो आणि खरा चंद्र कामाला लावतो," काका म्हणाले. "आणि तो खरा चंद्र रंगमंचावर उभा करायची पाळी येते आमच्यावर!"

चौथ्या अंकात मधली दोन वर्षे उलटलेली असतात. मास्तर मेदवेदेन्को सहज सांगतो की बागेतला तो मंच अजून उभा आहे, सांगाड्यासारखा उघडाबोडका, पडदा वाऱ्यावर फडफडतोय; काल रात्री तिथून जाताना आत कुणीतरी रडतंय असं वाटलं. पुढे त्या मंचावर काम केलेली नीना येते आणि कळते की रडणारी तीच होती.

"मी हे कथेत लिहिलं असतं तर एका वाक्यात आटपलं असतं," ती म्हणाली. "दोन वर्षांनी मांडव तसाच होता आणि त्यात ती रडत होती."

"आटपलं असतं. पण वाचकानं ते तुझ्या सांगण्यावरून मानलं असतं. नाटकात तो मंच चौथ्या अंकात दिसतच नाही, तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तो कुठं आहे ते ठाऊक असतं. पहिल्या अंकात त्यानं तो स्वतः पाहिलाय. तिथं त्रेप्लेवची आई हसली होती, हेही त्याला आठवतं. ती जागा आता प्रेक्षकाची स्वतःची आठवण झालेली असते. मेदवेदेन्को फक्त तिकडं बोट दाखवतो."

हा मुद्दा सहजासहजी खोडता येणार नाही. कथेतली जागा वाचकापर्यंत नेहमी कुणाच्या तरी मार्फत येते. निवेदक सांगतो, पात्र पाहते, आणि त्यांच्या पाहण्यातून गाळून जे उरते ते वाचकाला मिळते. रंगमंचावरची जागा असा मध्यस्थ मानत नाही. पडदा वर गेल्याबरोबर, एकही शब्द बोलला जाण्याआधी, ती पाचशे लोकांसमोर उघडी पडलेली असते आणि जो तो तिच्यात आपल्याला हवे तिथे पाहत असतो. दोघांचे पुढचे सगळे भांडण या एका फरकाभोवती फिरत राहिले, जरी दोघांनीही तो असा मांडला नाही.

काकांनी आलेखाचा कागद पसरला.

तिच्या कथेत तालुक्याच्या गावातला एसटी स्टँड आहे. रात्रीची वेळ, पाऊस, शेवटची गाडी चुकलेली एक बाई. कथेत स्टँडविषयी मोजून तीन गोष्टी आहेत: पावसाने अक्षरे ओघळलेला वेळापत्रकाचा फळा, बंद उपाहारगृहाचे शटर, आणि छपरातून बाकड्यावर पडणारा ठिपका. बाई दोनदा जागा बदलते ती या ठिपक्यामुळे.

"गाडी कुठून येते?" काकांनी विचारले.

"बाहेरून."

"अगं, डावीकडून की उजवीकडून?"

तिला सांगता येईना.

"बरं, बाकडी किती? आणि त्यांची पाठ कुणाकडे?"

"असं मला कुठल्याच वाचकानं विचारलं नाही, काका."

"विचारणार नाही. वाचक त्या बाईच्या आत बसलेला आहे. तिला तिची पाठ दिसत नाही, म्हणून त्यालाही दिसत नाही. माझा प्रेक्षक समोर बसलाय. त्याला बाई दिसते, तिच्या मागचं शटर दिसतं, आणि शटरच्या कडेला तुझ्या नटाची चप्पल राहिली असेल तर तीही दिसते." त्यांनी पेन्सिलीने एक लांबट चौकोन काढला. "हे बाकडं प्रेक्षकांकडं तोंड करून ठेवलं, तर ती गाडीची वाट प्रेक्षागृहात बघणार. चेहरा पूर्ण मिळतो. पण गाडी आली की हेडलाइट तिच्या तोंडावर टाकायचा कुठून? बाल्कनीतून? लोक माना वळवून मागं बघतील. पाठ प्रेक्षकांकडं केली, तर हेडलाइट समोरच्या विंगेतून झकास येईल, पण तासभर तिचा अंबाडाच बघत बसायचं. तिरकं ठेवलं, तर चेहराही मिळतो आणि विंगही मिळते; फक्त डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या चार खुर्च्यांना फळा दिसत नाही. आता मला सांग, फळा महत्त्वाचा की चेहरा?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिचं वाट बघणं महत्त्वाचं. ती फळा वाचत नाही, अक्षरं ओघळलीयत हे तिला ठाऊक आहे. ती रोज येणारी आहे या स्टँडवर."

"हे कथेत नाही."

"कथेत लागलं नाही."

तिचाही मुद्दा इथूनच सुरू झाला. कथेत स्टँड सतत नसतो, हे तिचे म्हणणे. बाई वडिलांच्या आठवणीत जाते तेव्हा दोन पाने स्टँड नाहीसाच होतो. बाकडे नाही, पाऊस नाही. मग छपरातून ठिपका मनगटावर पडतो आणि त्या एका थेंबासरशी सगळा स्टँड परत येतो. "मला हवी तेव्हा जागा काढून घेता येते आणि हवी तेव्हा परत देता येते. तुमचा स्टँड मात्र पडदा वर गेल्यापासून पडेपर्यंत तिथंच. ती बाई वडिलांविषयी बोलत असताना मागं ते शटर काय करतंय?"

"काहीच करत नाही, हीच अडचण आहे," काका लगेच म्हणाले. "दहा मिनिटांत प्रेक्षकाला सेटची सवय होते. तो बघायचं थांबवतो. मग कुणीतरी शटरला हात लावावा लागतो, ते वाजावं लागतं, तेव्हा ते परत दिसायला लागतं. लिहिणाऱ्यानं ती सोय केली नसेल तर आम्ही कितीही सुंदर रंगवलं तरी पहिल्या टाळीनंतर सेट मेलेलाच."

कथालेखिकेला नेपथ्य ही चीजच थोडी परकी वाटते आणि तिने ते लपवले नाही. शब्दांनी जागा उभी करण्याची ताकद नाटकापाशी आधीपासून होती, मग हे फ्लॅट, हे लेव्हल कशाला, असे ती म्हणाली, आणि थेट कालिदासापाशी गेली. 'शाकुंतला'चा पहिला अंक. दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतोय. रथ नाही, घोडे नाहीत, हरीणही नाही. वेगामुळे दूरची वस्तू एकदम मोठी कशी होते, हे राजा बोलतो आणि नट ते अंगाने दाखवतो. मग आश्रम जवळ आला हे सारथ्याला समजावताना तो खुणा मोजतो: पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले दाणे, इंगुदीची फळे फोडून तेलकट झालेले दगड, रथाचा आवाज ऐकूनही न बिचकणारी हरणे, ओल्या वल्कलांमधून ठिबकलेल्या पाण्याच्या रेघा उमटलेली वाट. "यातली एकही गोष्ट रंगमंचावर नव्हती. तरी आश्रम आहे. बाटलीची काच आणि हे तेलकट दगड यांत काय फरक आहे?"

तुलना बिनतोड आहे. कालिदास आश्रमाचे वर्णन करत नाही, आश्रमाचा माग दाखवतो, आणि तो माग काढणाराही एक शिकारी आहे. चांगला कथाकार हेच करतो.

काकांनी ती मान्य केली, पण अर्धीच. "ते शब्द कुणी बोलतंय, कुणाला तरी सांगतंय, आणि सांगताना एका दिशेला बघतंय. नट बघतो तिकडं प्रेक्षक बघतो. नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग सांगितलाय तो याचसाठी. मंचाचे भाग मानायचे, नटानं एक फेरी मारली की गाव बदललं. आपल्या दशावतारात एक लाकडी बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, उतरला की बाकडं. तमाशाच्या वगात गिरकी घेतली की माणूस दिल्लीला पोचतो. यात शब्द आहेत, पण नटाचं शरीर नसेल तर ते नुसते शब्द. तुझ्या कथेत शरीर लागत नाही."

"मग लोकांना पडदे का हवेसे वाटले?"

हा प्रश्न तिने सहज विचारला, पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याला वजन आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तेव्हा सूत्रधाराच्या पद्यांतून अरण्य आणि राजसभा उभ्या राहत होत्या. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठीत आणले, आणि पुढच्या काही दशकांत संगीत नाटक कंपन्यांचे वैभव म्हणजे रंगवलेले पडदे असे समीकरण झाले. दरबार, अरण्य, बाग, रस्ता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवत होते. रस्त्याच्या पडद्याची सोय तर मोठीच होती: त्याच्यापुढे दोन माणसे बोलत राहिली की मागे पुढच्या प्रवेशाचा दरबार मांडता येई. कितीतरी विनोदी प्रवेश या सोयीपोटी जन्मले असतील. कालिदासाने एका श्लोकात जी वाट ओली केली तिच्यासाठी आता कापड, रंग आणि दोऱ्या लागू लागल्या.

त्यानंतर कापडाचीही अडचण झाली. मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' ललितकलादर्शने 1922 मध्ये रंगमंचावर आणले ते पु. श्री. काळ्यांनी उभारलेल्या दिवाणखान्यात. तीन बाजूंना भिंती, भिंतींना दारे-खिडक्या. समकालीन माणसे समकालीन घरात बोलू लागली की मागे रंगवलेला महाल चालत नाही. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले तेव्हा हा खोलीचा आग्रह आणखी पक्का झाला.

"लोकांना पडदे हवेसे वाटले, कारण बघायला आवडतं," काका म्हणाले. "त्यात लाज कसली? पण खोली आली ती वेगळ्या कारणानं आली. खोलीला दार असतं. पडद्याला दार नसतं. पडद्यातून कुणी रागानं निघून जाऊ शकत नाही."

दाराचा विषय निघाला आणि ते 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर आले. तेंडुलकरांचे हे नाटक रंगायनने 1967 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले. सगळे नाटक गावातल्या एका सभागृहात घडते. मुंबईहून हौशी नटांची टोळी प्रयोगाला आलेली. टोळीतली बेणारे आणि गावातला सामंत सगळ्यांच्या आधी पोचतात, आणि आल्या आल्या बेणारेच्या बोटाला दाराची कडी लागलेली असते. सामंत ती कडी कशी आहे ते समजावून सांगतो: पूर्ण सरकवली नाही आणि दार ओढून घेतलं तर आतला माणूस आतच. साधे, जरा विनोदीच बोलणे. प्रेक्षक ते ऐकतो आणि सोडून देतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे खेळ म्हणून सुरू झालेला खटला बेणारेच्या खासगी आयुष्यावर घसरतो, ती बाहेर जायला निघते, आणि दार उघडत नाही.

"त्या कडीवर आता कुणी एक शब्दही बोलायची गरज नाही," काका म्हणाले. "पहिल्या पाच मिनिटांत तेंडुलकरांनी ती प्रेक्षकाच्या बोटाला लावून ठेवलीय. नेपथ्य म्हणजे मागची शोभा असं ज्याला वाटतं त्याला मी हे नाटक वाचायला सांगतो. जागा नटाला आडवी आली पाहिजे. 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. तो दाखवायचा की नुसता बोलण्यात ठेवायचा हे दिग्दर्शकानं ठरवावं, पण त्या वाड्यातल्या धरणगावकर देशपांड्यांना तो आडवाच पडलाय."

1985 मध्ये विजया मेहतांनी केलेल्या त्या 'वाडा'ची पुढे त्रयी झाली. चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये आविष्कारसाठी तिन्ही भाग सलग केले तेव्हा नेपथ्य प्रदीप मुळ्यांचे होते. पहिल्या भागात वाडा, दुसऱ्यात तळे, तिसऱ्यात रखरखीत उजाड जमीन. एका घराण्याची कहाणी पुढे सरकते तसतशी माणसांच्या डोक्यावरची छपरे उडत जातात. हे वाचताना कळते. सलग काही तास खुर्चीत बसून पाहणाऱ्याला मात्र आधीचा वाडा रिकाम्या जागेतही दिसत राहिला असणार. काकांचे म्हणणे खरे ठरते ते अशा ठिकाणी.

मात्र खरेपणाचा अतिरेक झाला की हीच जागा नाटकाला खाते. मॉस्को आर्ट थिएटरने 1898 मध्ये 'द सीगल' केले तेव्हा स्तानिस्लाव्हस्कींनी बेडूक, रातकिडे, कुत्री अशा आवाजांची रेलचेल केली. नट आणि पुढे दिग्दर्शक झालेल्या मायरहोल्डने चेखवची नाराजी नोंदवून ठेवली आहे. क्राम्स्कोयच्या एखाद्या चित्रातल्या चेहऱ्याचे नाक कापून तिथे खरे नाक बसवले तर नाक खरे होईल आणि चित्र मरेल, अशा अर्थाचे चेखव बोलला. कथालेखिकेला ही गोष्ट ठाऊक होती आणि तिने ती मोठ्या उत्साहाने सांगितली. काकांनी दुप्पट उत्साहाने मान डोलावली. छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कारची प्रायोगिक नाटके होत, तिथे जागाच इतकी कमी होती की खरे नाक बसवायची सोयच नव्हती, आणि म्हणून तिथे आपण सगळ्यात जास्त शिकलो, असे ते म्हणाले.

उलट बाजूने व्यावसायिक रंगभूमीने यंत्रही आपलेसे केले. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' 1962 साली फिरत्या रंगमंचावर आले. लखोबा लोखंडेची लबाडी गावोगाव पसरलेली. न्यायालयातून साक्षीदाराच्या आठवणीत जायचे आणि परत यायचे. कथाकार हे 'त्या वर्षी' एवढ्या दोन शब्दांत करतो. रंगमंच गोल फिरवावा लागला, पण फिरताना दिसणारी ती गती हीच नाटकाची चाल झाली.

इथवर पारडे काकांकडे झुकले होते. मग तिने बाबूराव बागुलांचे नाव घेतले.

'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 चा. शीर्षककथेतला तरुण उधन्याला रेल्वेत नोकरीवर रुजू होतो. नवे गाव, राहायला जागा हवी, आणि जात लपलेली. "या कथेत उधना कुठं आहे ते शोधा," ती म्हणाली. "फलाट, चाळी, रस्ते यांचं वर्णन तुम्हाला आठवणारही नाही. तरी त्या गावात श्वास कोंडतो. कारण समोरचा प्रत्येक माणूस प्रेमानं जे विचारतो त्यातला प्रत्येक प्रश्न दरीच्या काठावर नेणारा आहे. तुमची ती कडी इथं दाराला नाही. ती प्रश्नात आहे. जागा आडवी येते म्हणालात ना? इथं आदर आडवा येतो."

"हे मला आवडलं," काका हळू म्हणाले.

"आणि अण्णा भाऊंचं 'स्मशानातील सोनं' घ्या. मुंबईच्या कडेची वस्ती, बंद पडलेली खाण. भीमा मढी उकरतो. तिथं जागा म्हणजे भूक आहे. खाण चालू असती तर ते स्मशान त्याच्यासाठी स्मशानच राहिलं असतं. जागेचा अर्थ त्याच्या पोटातून येतो. तो तुम्ही कुठल्या फ्लॅटवर रंगवणार? जी. एं.चा तर पत्ताच विचारू नका. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' नि 'इस्किलार' या कथांना नकाशा नाही, काळ नाही. वाचक एकदाही विचारत नाही, हे कुठल्या देशात चाललंय."

"माझा प्रवासी कशावर तरी उभा राहणार. माती असेल तर कुठली, दगड असेल तर कसला," काका म्हणाले. "नुसता काळा पडदा लावला तरी लोक म्हणणार, काळा पडदा आहे."

"म्हणजे तुमच्याकडं काहीच नाही असं असूच शकत नाही."

"नाही. रिकामा रंगमंचसुद्धा एक जागा असतो. तुझा कोरा कागद जागा नसतो."

एका माणसाने मात्र दोन्हीकडे घर केले होते. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' 1958 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि 1961 पासून ते ती एकट्याने रंगमंचावर करू लागले. पुस्तकात चाळ लिहिणाऱ्याच्या मायेतून दिसते. प्रयोगात तोच माणूस एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात नुसत्या आवाजाने आणि मानेने जातो. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'तही बावन्न पात्रांचे गाव आणि विमान एका अंगात मावले. कथालेखिका म्हणाली की हे कथेचे रंगमंचावरचे राज्य आहे. काका म्हणाले की हा सूत्रधार परत आलाय. दोघांचेही बरोबर असावे. निवेदक रंगमंचावर सदेह उभा राहिला की जागा त्याच्या पाहण्यातून येऊ लागते, आणि तो घाम पुसताना दिसतो म्हणून ते नाटकही राहते.

"बागुलांची कथा रंगमंचावर आणायची झाली," काकांनी कागद उलटा केला, "तर तू जागा कशी मांडशील?"

"भिंती नकोत. 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची रांग भिंत होते ना, तशी माणसं."

"'घाशीराम'ची रांग वेगळी. ती गाते, नाचते, पाठ फिरवते. आपण पडदा आहोत हे तिला ठाऊक असतं. 1972 मध्ये ती रांग बघून लोक हादरले ते म्हणूनच. बागुलांच्या माणसांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नाही. ती बिचारी पाहुणचार करतायत."

"मग त्यांना पाहुणचार करू दे. कुणी पाणी आणतंय, कुणी सतरंजी घालतंय. तो मधोमध. जितकी माणसं जवळ येतील तितकी त्याची जागा कमी होत जाईल. सेट काही नाही, फक्त माणसं जवळ येणं."

काकांनी कागदावर मधोमध एक टिंब काढले, भोवती फुल्या काढल्या, आणि एका बाजूला रेघ ओढली.

"हे काय?"

"दार."

"दार नको, काका. दार दिसलं की तो निघून जाऊ शकतो असं वाटेल."

"तेच दिसायला हवं. दार सताड उघडं आहे, रस्ता समोर आहे, आणि तो जात नाही. तू कथेत त्याच्या मनात शिरून सांगशील की त्याला का जाता येत नाही. मला मनात शिरता येत नाही. मला उघडं दारच लागतं."

तिने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिले. मग पेन्सिल घेऊन तिने एक फुली कागदाच्या कडेपार नेली, विंगेत.

"ज्यांच्या घरात तो राहतो त्यातलं एक माणूस इथं. कधीच दिसणार नाही. फक्त आतून त्याला हाक मारत राहील, जेवायला चला म्हणून."

"आणि हाक कुठल्या नावानं मारेल?" काकांनी विचारले. "आडनावानं की पहिल्या नावानं?"

"आधी पहिल्या नावानं," ती म्हणाली. "आडनाव दुसऱ्या अंकात विचारेल."